चंद्रावर केळीचा घड किती भरेल?

सातपुड्याच्या सान्निध्यात, तापीच्या खोऱ्यात वसलेल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात फोपनार नावाचे गाव आहे. जिल्हा मध्य प्रदेशातला. परंतु खानदेशाची शीव जवळच असल्यामुळे या भागात अनेक घरांतून मराठी कानी पडते. खानदेशाप्रमाणेच या जिल्ह्यातही केळी हे शेतकऱ्याचे मोठे नगदी पीक आहे. वर्षभर राबावे, बागेला वेळेवर पाणी द्यावे, वादळवाऱ्यापासून झाडे राखावीत, आणि अखेर घड कापून काट्यावर ठेवावा, असा हा क्रम. घड काट्यावर चढला म्हणजे बागाईतदाराची नजर केळीवर नसते आणि व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरही नसते. ती काट्यावरील आकड्यावर खिळलेली असते. वर्षाच्या श्रमांचे मोल आता एका गुणाकाराने ठरावयाचे असते. भाव बाजार ठरवितो आणि वजन काटा सांगतो. बाजार लहरी आहे हे सर्वांस ठाऊक असते; काटा मात्र खरा असला की आकडाही खराच, असा सर्वांचा भरवसा असतो.

काटा पूर्णपणे खरा असूनही त्याने सांगितलेल्या आकड्याने फसगत होऊ शकेल काय? प्रश्न विचित्र वाटेल. तथापि त्याचे उत्तर शोधण्यासाठी श्रोत्यांनी एक कल्पना करावी. फोपनारमधील एका घराच्या ओट्यावर आजोबा आणि त्यांची शाळेत जाणारी नात बसली आहेत. नात विचारते, "आबा, चंद्रावर प्रत्येक वस्तूचं वजन सहावा हिस्सा होतं, असं आज शाळेत शिकवलं. मग आपला वीस किलोचा घड तिथं विकायला नेला, तर तुम्हाला पैसेही सहावा हिस्साच मिळतील का?"

आबा हसतात आणि म्हणतात, "वा गं पोरी! घड तोच, केळी तेवढीच, त्यांत पोट भरणारी माणसंही तेवढीच. मग पैसे का म्हणून कमी घ्यायचे?"

नातीचे बोलणे विज्ञानाच्या पुस्तकातले आहे. आबांचे बोलणे व्यवहारातले आहे. नवल असे की दोघांचेही म्हणणे खरे आहे. ते परस्परविरोधी वाटते याचे कारण एवढेच की 'वजन' या एकाच शब्दाखाली आपल्या नित्याच्या भाषेत दोन निराळ्या गोष्टी नांदत असतात. त्या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहणे हा आजचा विषय आहे.

प्रथम तोलण्याच्या साधनांकडे पाहू. जुन्या काळापासून चालत आलेली तागडी सर्वांच्या परिचयाची आहे. दांडीच्या एका टोकास एक पारडे, दुसऱ्या टोकास दुसरे. एकात माल टाकावयाचा, दुसऱ्यात वजने ठेवावयाची आणि दांडी समतोल झाली की मोजणी पुरी झाली. दुसरे साधन म्हणजे स्प्रिंगचा काटा. त्याच्या आकड्यास माल अडकविला की स्प्रिंग ताणली जाते आणि काटा खाली सरकतो. जितका ओढा अधिक, तितका ताण अधिक. आता हा वीस किलोचा घड, ही तागडी आणि हा स्प्रिंगचा काटा अशी तिन्ही चंद्रावर नेली, असे समजावे. तागडीत एका बाजूस घड आणि दुसऱ्या बाजूस वीस किलोची वजने ठेवली तर दांडी पृथ्वीवर जशी समतोल राहिली होती तशीच तेथेही राहील. चंद्राची ओढ कमी असली तरी ती दोन्ही पारड्यांस सारखीच कमी आहे. घड हलका झाला, तशी वजनेही हलकी झाली. तागडीच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. परंतु तोच घड स्प्रिंगच्या काट्यास अडकविला तर काटा जेमतेम ३.३ किलोवर थांबेल. काटा बिघडलेला नाही. तो आपले काम चोख करीत आहे. घड किती जोराने खाली ओढला जात आहे, एवढेच तो सांगू शकतो आणि तेवढेच तो सांगत आहे.

तेव्हा तागडी जे मोजते ते एक, आणि स्प्रिंगचा काटा जे मोजतो ते दुसरे. पहिल्यास शास्त्रात वस्तुमान म्हणतात, दुसऱ्यास वजन. वस्तुमान म्हणजे त्या घडात सामावलेल्या द्रव्याचे परिमाण. ते घडाचे स्वतःचे असते. घड बागेत असो, मालमोटारीत असो, दिल्लीच्या बाजारात असो की चंद्रावर असो, केळे गळून पडले नाही किंवा रस सुकला नाही, तर त्याचे वस्तुमान तेच राहते. वजन म्हणजे ज्या गोलावर तो घड आहे त्या गोलाने त्यास आपल्याकडे ओढण्याचा जोर. हा जोर एकट्या घडाचा नव्हे. घड आणि तो गोल या दोघांच्या संबंधातून तो उत्पन्न होतो. गोल बदलला की तो बदलतो. वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात. वजनाचे शास्त्रीय एकक न्यूटन आहे. वीस किलोग्रॅमच्या घडाचे वजन पृथ्वीवर सुमारे १९६ न्यूटन, तर चंद्रावर सुमारे ३२ न्यूटन भरते.

येथे कोणी म्हणेल की दुकानात तर 'वीस किलो वजन' असेच बोलतात. खरे आहे, आणि त्यावाचून व्यवहारात काही अडतही नाही. परंतु कायद्याच्या आणि शास्त्राच्या दृष्टीने किलोग्रॅम हे वस्तुमानाचेच माप आहे. शेर आणि मण मागे पडून आपल्या देशात दशमान पद्धती आली ती १९५६ च्या कायद्याने, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने बाजारात येऊ लागली. त्या वजनांचा आधार होता पॅरिसजवळ जतन केलेला प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंच्या मिश्रणाचा एक लहानसा दंडगोल. त्याच्या प्रतिकृती निरनिराळ्या देशांस देण्यात आल्या. त्यांपैकी ५७ क्रमांकाची प्रतिकृती नव्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या तुकड्यावर न ठेवता निसर्गातील एका अचल स्थिरांकावर, म्हणजे प्लांकच्या स्थिरांकावर, बसविण्यात आली. या साऱ्या खटाटोपाचा हेतू एकच की गाव बदलले, देश बदलला किंवा गोल बदलला तरी किलोग्रॅम बदलू नये.

आता चंद्राची ओढ सहावा हिस्साच का, हे पाहावयाचे. पृथ्वी वस्तूंस आपल्याकडे ओढते हा विचार आपल्या देशात जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला. पृथ्वीच्या ठायी आकर्षणाची शक्ती असून तिच्यामुळे जड वस्तू तिच्याकडे खेचली जाते व ती पडल्यासारखी भासते, असे त्यात सांगितले आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखावरून कळते की भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला होता. बऱ्हाणपूरच्या शेजारचा खानदेश अशा रीतीने या विषयाशी आठ शतकांपूर्वीच जोडला गेला आहे. मात्र ही ओढ किती आणि कोणत्या प्रमाणात, याचे गणित भास्कराचार्यांनी मांडलेले नव्हते. ते न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. ओढणाऱ्या गोलाचे वस्तुमान जितके अधिक तितकी ओढ अधिक. आणि त्याच्या केंद्रापासूनचे अंतर वाढले की ओढ त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, असा तो नियम आहे.

हा नियम हाती आला की चंद्रावर पाऊल न ठेवताही तेथील वजन सांगता येते. पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे ८१ पट आहे. एवढ्यावरून चंद्रावर वजन एक्याऐंशीवा हिस्सा भरावे असे वाटेल. परंतु चंद्र लहान असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर उभा असलेला मनुष्य त्याच्या केंद्राच्या पुष्कळ जवळ असतो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, चंद्राची १,७३७ किलोमीटर. म्हणजे अंतर सुमारे ३.६७ पटीने कमी. या आकड्याचा वर्ग सुमारे साडेतेरा. जवळ असल्यामुळे ओढ साडेतेरा पटीने वाढली, वस्तुमान कमी असल्यामुळे ती ८१ पटीने घटली. साडेतेरास ८१ ने भागले की सहावा हिस्सा उरतो. शाळेतील मुलांनी हे गणित पाटीवर स्वतः करून पाहण्यासारखे आहे.

चंद्राची गोष्ट दूरची वाटेल. पण ओढीतील फरक खुद्द पृथ्वीवरही आहे. १६७२ साली ज्याँ रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद विषुववृत्तानजीक केयेन येथे गेला असता पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळात दोष नव्हता. लंबकास खाली खेचणारी ओढच तेथे किंचित कमी होती. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी आहे आणि ती स्वतःभोवती फिरते, या दोन कारणांनी हा फरक पडतो. बऱ्हाणपूरला अचूक लावलेला स्प्रिंगचा काटा उत्तर ध्रुवावर नेला, तर हाच वीस किलोचा घड तेथे सुमारे ९० ग्रॅम अधिक भरेल. उलट बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर घड नेला, तर सभोवतालच्या प्रदेशापासून सुमारे २५० मीटर उंची गाठूनही वजनात पडणारा फरक एक-दीड ग्रॅमच्या पलीकडे जाणार नाही. एवढ्यासाठी कोणी गड चढणार नाही. परंतु सोन्याच्या व्यवहारात किंवा प्रयोगशाळेत असे फरक उपेक्षून चालत नाही.

हल्ली बाजारात सर्वत्र दिसणारा विजेरी काटाही मूलतः स्प्रिंगच्या काट्याच्याच जातीचा आहे. त्याच्या पोटातील धातूचा भाग मालाच्या भाराने अतिसूक्ष्म प्रमाणात वाकतो आणि त्या वाकण्यावरून आकडा उमटतो. तोही वस्तुमान थेट पाहत नाही. भार मोजतो आणि त्यावरून किलोग्रॅम सांगतो. म्हणून ज्ञात वजने ठेवून तो ज्या ठिकाणी वापरावयाचा तेथे लावून घ्यावा लागतो, आणि वजनमापे खात्याकडून त्याची वेळोवेळी पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसावा लागतो. नातीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. चंद्रावरच्या बाजारात पृथ्वीवर लावलेला काटा तसाच वापरला, तर बागाईतदार सहा भागांपैकी पाच भाग पैशांस मुकेल. वीस किलोचे प्रमाणित वजन ठेवून तो काटा तेथे पुन्हा लावून घेतला, तर त्यास पृथ्वीवरच्याइतकेच पैसे मिळतील. फसवणूक काट्यात नव्हती. एका ठिकाणचा ओढा गृहीत धरून दुसऱ्या ठिकाणी हिशेब केला, येथे ती होती.

येथवर जे सांगितले ते पैशांच्या हिशेबाचे झाले. परंतु वस्तुमान आणि वजन यांची गल्लत याहूनही महाग पडू शकते. चंद्रावर वस्तू हलकी होते म्हणजे ती सर्व बाबतींत दुबळी होते, अशी समजूत सहज होते. ती चुकीची आहे. वस्तुमानाचे दुसरे एक लक्षण आहे, त्यास जडत्व म्हणतात. स्थिर वस्तू चालू करावयाची किंवा चालती वस्तू थांबवावयाची म्हटले की ती जो विरोध करते तो जडत्वाचा. केळीने भरलेली हातगाडी सपाट रस्त्यावर ढकलताना प्रथम जोर लावावा लागतो, आणि वेगात आलेली तीच गाडी थांबवितानाही पाय घट्ट रोवावे लागतात. हा विरोध वजनाचा नव्हे, वस्तुमानाचा आहे, आणि वस्तुमान चंद्रावर तसूभरही घटत नाही. जो मनुष्य पृथ्वीवर वीस किलोचा घड उचलतो तो चंद्रावर तेवढ्याच श्रमात १२० किलोचा भार उचलू शकेल. परंतु भरलेली हातगाडी तेथे त्याच वेगाने येऊन भिंत आणि गाडी यांच्यामध्ये कोणाचा हात सापडला, तर इजा पृथ्वीवर होईल तेवढीच होईल. उचलण्यात सवलत मिळते. थांबविण्यात मिळत नाही.

चंद्रावर गेलेल्या मनुष्यांनी हा अनुभव घेतलेला आहे. १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेचे बारा अंतराळवीर चंद्रावर उतरले. त्यांचा पोशाख आणि पाठीवरील श्वसनसामग्री मिळून ८० किलोहून अधिक होत असे. पृथ्वीवर तो घालून चालणे दुष्कर, चंद्रावर मात्र त्याचा भार सुमारे १४ किलोएवढाच जाणवे. त्या हलकेपणाने उत्साह येणे स्वाभाविक होते. १९७२ साली अपोलो १६ च्या मोहिमेत चार्ल्स ड्यूक याने उंच उडी मारून पाहिली. पाठीवरील सामग्रीमुळे त्याचा तोल मागे गेला आणि तो पाठीवर आदळला. ती सामग्री फुटली असती तर प्राणावरच बेतले असते. सुदैवाने काही बिघडले नाही. उडी हलकी होती. पाठीवरचे वस्तुमान मात्र पूर्वीइतकेच होते.

अपोलोच्या अखेरच्या तीन मोहिमांत चंद्रावर एक चारचाकी गाडी नेण्यात आली. रिकामी असताना ती २१० किलोची होती. तिच्या बाबतीत आणखी एक अडचण उभी राहते. गाडी थांबते ती चाकांच्या जमिनीवरील पकडीमुळे, आणि ही पकड वजनावर अवलंबून असते. चंद्रावर वजन सहावा हिस्सा, म्हणून पकडही सहावा हिस्सा. थांबवावयाचे वस्तुमान मात्र पूर्ण. तेव्हा जमीन सारखीच धरली, तर त्याच वेगात असलेली गाडी थांबण्यास पृथ्वीपेक्षा सुमारे सहापट अंतर लागेल. वळणावर ती घसरण्याची भीतीही त्याच प्रमाणात अधिक. ज्याने केवळ 'चंद्रावर सर्व हलके' एवढेच पाठ केले आहे, त्याच्या हाती ती गाडी सोपविणे धोक्याचे झाले असते.

याच ठिकाणी आणखी एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. चंद्रावर हवा नाही म्हणून वस्तू हलक्या होतात, असे काहींस वाटते. हवेचा आणि या हलकेपणाचा संबंध नाही. हवा नसल्यामुळे जे घडते ते निराळे, आणि २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चा नायक डेव्हिड स्कॉट याने ते साऱ्या जगास दाखविले. त्याने एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस धरले, आणि दोन्ही एकाच वेळी सोडले. दोन्ही एकाच वेळी जमिनीवर पडली. पिसास अडविण्यास तेथे हवा नव्हती. परंतु हातोडा जड असून तो आधी का पडला नाही? कारण चंद्र हातोड्यास अधिक जोराने ओढत होता हे खरे. पण हातोड्याचे वस्तुमान अधिक असल्यामुळे वेग घेण्यास त्याचा विरोधही त्याच प्रमाणात अधिक होता. ओढ आणि विरोध यांचा हिशेब बरोबरीत सुटला. वजन आणि जडत्व ही दोन्ही एकाच वस्तुमानातून निघतात, याचा याहून सोपा दाखला सापडणे कठीण.

आता आपल्या देशाच्या अनुभवाकडे वळू. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे विक्रम हे अवतरणयान चंद्रावर उतरत असताना वेग कमी करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात योजलेल्या प्रमाणापासून फरक पडला आणि यान पृष्ठभागावर आदळले. त्या रात्री दूरचित्रवाणीपुढे जागलेल्या असंख्य मुलांनी शास्त्रज्ञांचे उतरलेले चेहरे पाहिले. चंद्राची ओढ एवढी कमी असताना यान अलगद का उतरले नाही, असा प्रश्न तेव्हा अनेकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर हातगाडीच्या दृष्टान्तात आहे. यान केवळ चंद्राच्या ओढीने खाली येत नसते. ते चंद्राभोवती प्रचंड वेगाने धावत असते, आणि तो वेग आवरताना वस्तुमानाशी गाठ असते.

चार वर्षांनी चांद्रयान-३ निघाले. त्याच्या विक्रम यानाचे वस्तुमान, पोटातील प्रज्ञान या २६ किलोच्या गाडीसह, प्रस्थानाच्या वेळी सुमारे १,७५२ किलोग्रॅम होते. एवढ्या वस्तुमानाचे वजन पृथ्वीवर सुमारे १७,००० न्यूटन, तर चंद्रावर सुमारे २,८४० न्यूटन. यानास चार इंजिने होती, आणि प्रत्येकाचा जोर ८०० न्यूटन. एकूण ३,२०० न्यूटन. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पृथ्वीवर ही चारही इंजिने एकवटून पेटविली असती तरी यान जमिनीवरून हललेही नसते. चंद्रावर मात्र तीच इंजिने त्यास अधांतरी तोलून धरू शकतात. शिवाय उतरता उतरता इंधन जळत गेल्यामुळे भार आणखी कमी होत जातो. हा वजनातील सवलतीचा लाभ होय.

परंतु ही सवलत तोलून धरण्यापुरतीच. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चंद्रापासून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर असताना विक्रमचा वेग सेकंदास सुमारे १,६८० मीटर, म्हणजे तासास सुमारे ६,००० किलोमीटर होता. तेथे पकड घेण्यास रस्ता नाही आणि अडविण्यास हवा नाही. चारही इंजिने पेटवून पहिल्या टप्प्यात सुमारे ६९० सेकंद, म्हणजे साडेअकरा मिनिटे, वेग आवरण्यात आला. तेव्हा तो सेकंदास सुमारे ३६० मीटरवर आला. या कामी चंद्राचा हलकेपणा उपयोगी पडत नाही. पृथ्वीवर तेवढाच वेग त्याच जोराने आवरावयास जेवढा काळ लागेल, तेवढाच तेथेही लागतो. पुढील टप्पे पार करून सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी यान अलगद उतरले. ३ सप्टेंबर रोजी त्याच विक्रमने पुन्हा इंजिने पेटवून सुमारे ४० सेंटिमीटर उंच उसळी घेतली आणि जवळच पुन्हा पाय टेकले. चंद्राच्या ओढीत इंजिनांचा जोर पुरा पडतो हे त्या लहानशा उडीने सिद्ध केले.

वजन अजिबात जाणवेनासे झाले तर वस्तुमानाचे काय होते? पृथ्वीभोवती सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात ही स्थिती असते. तेथे गुरुत्वाकर्षण नसते असे समजू नये. जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ८९ टक्के ओढ तेथेही आहे. पण स्थानक आणि त्यातील माणसे एकत्रच पृथ्वीभोवती पडत असल्यामुळे काहीच कशावर टेकत नाही. तेथे तागडीही निरुपयोगी आणि स्प्रिंगचा काटाही निरुपयोगी. तरीही अंतराळवीरांची प्रकृती सांभाळण्यासाठी त्यांचे वस्तुमान नियमित पाहावे लागते, कारण तेथील वास्तव्यात शरीर झिजते. १९७३ च्या स्कायलॅब मोहिमेपासून त्यासाठी एक युक्ती वापरण्यात आली. मनुष्यास स्प्रिंगला जोडलेल्या आसनावर बसवून पुढेमागे हलू द्यावयाचे. वस्तुमान अधिक असेल तर हेलकावे सावकाश होतात, कमी असेल तर भराभर होतात. हेलकाव्यांचा काळ मोजला की वस्तुमान कळते. म्हणजे वजन जाणवत नसतानाही जडत्वाच्या मार्गाने वस्तुमान आपले अस्तित्व सांगतच राहते.

अखेरीस पुन्हा फोपनारकडे यावे. १९६४ साली या गावी धातूच्या प्राचीन बुद्धमूर्ती सापडल्या. त्यांतील काही नव्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. शतकानुशतके त्या मूर्ती दृष्टीआड होत्या. वरून राजवटी बदलल्या, तोलण्याची मापे बदलली, शेर गेले आणि किलोग्रॅम आले. एखाद्या मूर्तीचा भार प्रत्येक काळात निराळ्या मापाने निराळा सांगितला गेला असता. फोपनारहून दिल्लीस नेताना पृथ्वीची तिच्यावरील ओढही केसभर वाढली असेल. मूर्तीतील धातू मात्र त्या प्रवासात रतिभरही वाढला नाही की घटला नाही.

ओट्यावरच्या त्या नातीला आबांनी आता इतकेच सांगावे: "पोरी, तुझ्या शाळेतलंही खरं आणि माझंही खरं. घडात केळी किती, ते घडाचं. त्याला खाली ओढण्याचा जोर किती, ते त्या जागेचं. मोल करायचं ते घडाचं, जागेचं नव्हे." मग नातीने विचारावे, "पण आबा, चंद्रावर भरलेली गाडी अंगावर आली तर?" आणि आबांनी म्हणावे, "तर बाजूला हो. हलकी दिसली म्हणून हात आडवा घालू नकोस."